बोयकीखालची रिकामी ओळ

भाऊ सोमवारी गेला. आम्ही दुपारी घाटावरून त्याच्या घरी आलो. मी हात धुतले, पंखा बंद केला आणि अल्बम उघडला.

घरात माणसं बसली होती. कोणीतरी उठून पंखा पुन्हा लावला. मी पुन्हा बंद केला. तेव्हा मृणाल, भाऊची मुलगी, दारातून म्हणाली, "राहू द्या काका. आत्याला तसंच लागतं."

नागपुरात एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करणारं माणूस एक तर शोकात असतं, नाही तर त्याच्यापुढे पोस्टाची तिकिटं पसरलेली असतात. त्या दिवशी माझं दोन्ही होतं. पण खरं सांगायचं तर हात बटणाकडे गेला तो सवयीने. पन्नास वर्षांची सवय. अल्बम उघडायचा तर वारा नको, हे मी आठव्या वर्षी शिकले आणि त्यानंतर पाढेसुद्धा विसरले, पण हे नाही.

तेव्हा आम्ही कोराडीला राहत होतो. बाबा वीजकेंद्रात होते. कॉलनीतल्या घरांवर चिमणीची राख हळूहळू उतरायची. सकाळी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की बोटाचं टोक करडं व्हायचं. आई दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणायची नाही. पाळीचा भोंगा वाजायचा, कोळशाचे ट्रक जायचे आणि कपाटातली भांडी बारीक आवाजात एकमेकींशी बोलायची. त्या घराचा वास मला अजून येतो: राख, भिजलेला वाळा आणि परातीतल्या कोमट पाण्यात सुटणारा डिंक.

तिकिटं भिजवायची ती परात कणकेची होती. पाकिटाचा कोपरा कापून पाण्यात सोडायचा आणि वाट पाहायची. हात लावायचा नाही. थोड्या वेळाने तिकीट आपणहून कागद सोडून द्यायचं आणि तरंगत बाजूला व्हायचं, पाहुणा अंथरुणातून उठतो तसं, आवाज न करता. मग भाऊ चिमट्याने ते उचलून टिपकागदावर पालथं घालायचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण त्या वेळी श्वास रोखून धरायचा तो म्हातार्‍या डॉक्टरासारखा.

"पंखा काहून बंद हाय?" आई आतून विचारायची.

"तिकिटं उडतीन ना."

"तिकिटं उडतीन म्हणून माणसं भाजून काढता काय? आन माही परात?"

परात परत जायची. कणीक मळताना आईला कधी कधी डिंकाचा चिकटपणा लागायचा आणि ती म्हणायची, आज पोळ्यांवर कुठल्या देशाचा शिक्का हाय ते पाहून खा.

रविवारी बाबा आम्हाला बसने शहरात न्यायचे. बर्डीच्या फूटपाथवर एक चाचा जुनी पुस्तकं मांडून बसत, त्यांच्याकडे एका डब्यात पोस्टाच्या तिकिटांची पुडकी असत. पारदर्शक कागदात शंभर तिकिटं, शंभर देशांची. देश शंभर कधीच नसायचे, त्यात हंगेरीच पन्नास वेळा निघायचं, पण पुडकं बसमध्ये मांडीवर धरून कोराडीपर्यंत न फोडता नेणं हे आमच्या आयुष्यातलं पहिलं तप होतं.

त्याच सुमारास भाऊने एक चूक केली. तिकिटाच्या कडेला जे दाते असतात, ते त्याला फाटल्यासारखे वाटायचे. अर्धवट, गबाळे. एका उन्हाळ्यात, दोन दुपारी सलग बसून, त्याने आईच्या शिवणाच्या कात्रीने शंभराच्या शंभर तिकिटांचे दाते कापून सरळ केले. मग ती वहीत एकमेकांना खेटून चिकटवली, न्हाणीघरातल्या फरशीसारखी. आम्हा दोघांना ती फार सुंदर दिसली. पुढच्या रविवारी त्याने वही चाचांना दाखवली. चाचांनी चष्मा वर केला, दोन पानं उलटली आणि इतकं हसले की शेजारचा चप्पलवाला पाहायला आला.

"अरे बेटा, सबके दाँत निकाल दिए?"

दाते गेलेलं तिकीट संग्राहकाच्या लेखी मेलेलं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी मात्र त्या प्रवासात एक नवी पदवी शोधून काढली आणि त्याला ती जन्मभर पुरवली: दाताचा डॉक्टर.

त्या शंभरांतलं एक तिकीट फिकट हिरवं होतं. मधोमध एक झाड, टोकाला झुबकेदार. वरून जाड काळा शिक्का असा बसलेला की अक्षरं जवळजवळ बुजलेली; उरली ती दोन-तीन, रशियन वळणाची. देश कोणता ते कळेना. दात पडलेल्या तोंडाला आई 'बोयकं' म्हणायची, म्हणून आम्ही त्या तिकिटाचं नाव बोयकी ठेवलं. बाकीची नव्याण्णव पुढे एक एक करून गेली, चांगली मिळाली तशी बदलली. बोयकी राहिली. कारण ती दुसरी कधी मिळालीच नाही, आणि कारण भाऊला एक गोष्ट काही केल्या आठवत नव्हती. काही तिकिटं मुळातच दात्यांशिवाय छापलेली असतात. ही तशी आली होती, की तिचे दात त्याने काढले?

"तूच काढले," मी म्हणायची.

"मले आठवून नाही राहिलं वं."

"डॉक्टरले कुठं पेशंट आठवतात?"

नाव सापडलं की याचाही निकाल लागणार होता. कॅटलॉगमध्ये प्रत्येक तिकिटापुढे लिहिलेलं असतं: साल, रंग, किंमत, दाते किती, आणि नसतील तर नाहीत. म्हणजे बोयकीचं गाव सापडेपर्यंत भाऊ आरोपी होता, आणि मी फिर्यादी.

कॅटलॉगही चाचांकडेच मिळाला. कव्हर नसलेला, विटेएवढा जाड, फक्त इंग्रजी साम्राज्याचा खंड: इंग्लंड आणि जिथे जिथे त्याचा झेंडा होता ते सगळे मुलूख. त्यात भारत होता, संस्थानं होती, आणि आम्ही नावंही न ऐकलेली बेटं होती. आपल्याकडे असलेल्या तिकिटापुढे पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण करायची, ही संग्राहकांची जगभरची रीत. भाऊच्या खुणेचं शेपूट लांब, वर जाऊन किंचित वळलेलं. आम्ही आमच्या चार पानांवरच्या खुणा मोजायचो आणि बाकीची हजार पानं म्हणजे श्रीमंतांचा मोहल्ला समजून पुढे जायचो. रंगांची इंग्रजी नावं आम्ही त्याच पुस्तकातून शिकलो. कार्माइन, अल्ट्रामरीन, डल मॉव्ह. भाऊ आईला म्हणाला, आई, तुह्यं लुगडं डल मॉव्ह आहे. आई म्हणाली, माह्या लुगड्याले नावं ठेवू नको, तुह्या मामानं घेतलं ते.

पुस्तकाचा दुसरा उपयोग त्याच्या वजनाचा. भिजवलेली तिकिटं टिपकागदांत घालून त्यावर हा खंड ठेवायचा. सकाळी तिकिटं इस्त्री केल्यासारखी निघायची.

मधली वर्षं मी सोडून देते. भाऊ शाळेत शिकवू लागला, मी दुसर्‍या गावी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, आणि मग सव्वीस वर्षांपूर्वी नागपूरला परत आले. का, ते इथे लिहायची गरज नाही. आल्यावर पहिले काही आठवडे मी कोणाशी फार बोलत नव्हते. एका शनिवारी भाऊ माझ्या दारात आला. आत आला नाही, बसला नाही.

"उद्या सकाळी घरी ये. बोयकी पाहायची हाय."

"अजून तिचं नाव नाही सापडलं?"

"तुह्याशिवाय कसं सापडंन? येताना तर्री-पोहे घेऊन येजो."

तेव्हापासून दर रविवारी. वहिनी होती तोवर ती हसायची, म्हणायची, माहेरपण भावाकडे आणि पोहे नणंदेकडून, अशी रीत मी कुठं पाहिली नाही. कोपर्‍यावरून मी पोहे आणायची, वर लालभडक तर्री, पिशवीतून तेल पाझरलेलं. ते स्वयंपाकघरात उभ्यानेच खायचे. मग साबणाने हात धुवायचे, आणि भाऊ माझी बोटं हुंगून पाहायचा. "पुन्हा धू." हिवाळ्यात संत्री सोलली असतील तर दोनदा. टेबलावर खाण्याचा कणही आणायचा नाही, हा त्याचा नियम. आणि दुसरा नियम: विचारायचं नाही, शोधायचं. गावात रशियन वाचणारी माणसं असतील, बोयकी त्यांच्यापुढे धरली तर ती सांगतीलही. पण ते म्हणजे कोडं उलटं धरून उत्तर वाचणं.

तोवर भाऊने जगाचे बाकी खंड जमवले होते. आम्ही ते वाटून घ्यायचो. पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी, बाहेर सोनमोहोर, आणि आम्ही दोघं घाम पुसत मंगोलियातून चाललेलो. बोयकीला शोधायला म्हणून निघायचो आणि भलतीकडेच मुक्काम पडायचा. मंगोलियाचे उंट बघता बघता तो बल्गेरियाच्या गुलाबांत शिरायचा, मी फिनलंडच्या बर्फात. कधी सर्बियाच्या एखाद्या राजाच्या मिशा मोजत बसायचो. बारा वाजले की भाऊ भिंग खाली ठेवून म्हणायचा, "आजबी घरी नाही वाटते बोयकी." आणि आम्ही दोघं, काहीच न सापडल्याच्या आनंदात, जेवायला उठायचो. त्या सकाळींनी मला पुन्हा बोलायला शिकवलं. हे मी त्याला कधी म्हटलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

भांडणासाठी झाड होतं. मी म्हणायची शिंदी, तो म्हणायचा घायपात.

"घायपातीले बुंधा असते काय?"

"रुळाच्या बाजूनं जाऊन पाह्य. दांडा निघते माणसाहून उंच."

"आणि दात? ते तरी आठवले का, डॉक्टर?"

तो मान खाली घालून हसायचा. खरोखर अपराध्यासारखा.

तो कव्हर नसलेला पहिला खंड मात्र कधी वाटणीत यायचा नाही. तो टिपकागदांवर बसलेला असायचा. एकदा मी उचलायला गेले तर भाऊ म्हणाला, "तो नको घेऊ. त्यात नाही. म्या पान न पान पाहून टाकलं." मलाही पटलं. रशियन अक्षरांचं तिकीट इंग्रजांच्या घरात काय करेल? शिवाय ग्रंथपालाची खोड अशी की 'पाहिलं आहे' असं कोणी सांगितलं की ते कपाट पुन्हा तपासायचं नाही.

दवाखान्यात त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. "अल्बम मृणालले देजो. पण बोयकीच्या खाली नाव लिहून देजो." अल्बममध्ये प्रत्येक तिकिटाखाली त्याच्या अक्षरात देश, साल आणि कॅटलॉगचा नंबर आहे. बोयकीखाली फक्त पट्टीने आखलेली ओळ. मी हो म्हटलं. मग बर्‍याच वेळाने, मला वाटलं झोपला, तर म्हणाला, "घाई नको करू वं."

घाई करणं भाग होतं. तेरवी झाली की दुसर्‍याच दिवशी, रविवारी संध्याकाळी मृणालची हैदराबादची गाडी होती, आणि अल्बम तिच्याबरोबर जायचा होता. मी रोज दुपारी बसत होते. तो कव्हर नसलेला सोडून सगळे खंड पहिल्या पानापासून पुन्हा. मी त्याला शब्द दिला होता आणि त्याहून जास्त असं होतं की एवढी एक ओळ रिकामी ठेवून भाऊला मी जाऊ कसं देऊ.

मृणाल माझ्याकडे पाहायची आणि मोबाईल पुढे करायची. "आत्या, एक फोटो. दोन सेकंदांत सांगेल हा."

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण बाबा आता रागावणार आहेत का?"

"म्हणून तर."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने तिनेच पंखा बंद केला आणि माझ्याशेजारी बसून एक खंड ओढून घेतला.

रविवारी सकाळी ती सामान बांधत होती. टेबलावरचा तो जुना खंड तिने दोन्ही हातांनी उचलला. "हे एवढं जाड काय आहे? कव्हरपण नाही. रद्दीत देऊ?"

"नको, त्याचं वजन कामाला येतं. एरवी त्यात आपल्या कामाचं काही नाही. बोयकी त्यात नाही, तुझ्या बाबांनी पान न पान पाहिलं होतं."

मृणाल थांबली. "बाबांनी? मी शाळेत असताना उघडत होते एकदा, तर बाबा म्हणाले, ठेव खाली, तो तुझ्या आत्याने पाहिलाय."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिला त्यात काही वाटलं नसावं. खंड ठेवून, पर्स घेऊन, ऑफिसातल्या लोकांसाठी संत्राबर्फी आणायला ती बाहेर पडली.

मी पुस्तक मांडीवर घेतलं. त्याला अजून राखेचा वास होता, किंवा मला तसा आला. अक्षरक्रमाने पहिल्या पानापासून निघाले. बसुटोलँड संपलं आणि पान उलटलं, तर समोर तेच झाड.

बातुम. काळ्या समुद्राकाठचं एक बंदर. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ते थोडा काळ ताब्यात ठेवलं होतं, म्हणून त्याची तिकिटं इंग्रजांच्या पुस्तकात. अर्ध्या पानाचा देश. आला आणि गेला. काखेत कळसा ठेवून आम्ही मंगोलियापर्यंत जाऊन आलो होतो. चित्राखाली लिहिलं होतं की झाड कोरफडीचं आहे, म्हणजे आम्ही दोघंही चुकलो होतो. आणि मथळ्यातच लिहिलं होतं: दात्यांशिवाय. भाऊने काही कापलं नव्हतं. जन्मतःच बोयकी.

त्याला सांगायला मी मान वर केली. समोर खुर्ची होती.

मग पुन्हा पानाकडे पाहिलं आणि यादीतल्या पहिल्याच ओळीपुढे, हिरव्या तिकिटापुढे, मला बरोबरची खूण दिसली. पेन्सिलीची, बारीक. शेपूट लांब, वर जाऊन किंचित वळलेलं.

त्याला सापडली होती.

कधी, ते खुणेवरून कळत नव्हतं. पण पानाच्या कडेला एक डाग होता, अंगठ्याएवढा, नारिंगी, कागदातून पलीकडच्या पानापर्यंत उतरलेला. मी नाक लावलं. वास काही राहिला नव्हता, पण त्या रंगाला दुसरं काय म्हणणार? कोराडीला आमच्या घरी तर्री-पोहे कधी नव्हतेच. ते मी आणायला लागले ते परत आल्यावर. म्हणजे ह्या सव्वीस वर्षांतल्या कुठल्यातरी रविवारी, मी स्वयंपाकघरात असताना, भाऊ हात न धुता ह्या टेबलाशी आला होता. माझी बोटं हुंगणारा भाऊ. काय म्हणून हे पान उघडलं असेल ते देव जाणे. झाड दिसलं असेल, तर्रीचा अंगठा पानावर ठेवून त्याने खूण केली असेल, आणि माझी पावलं वाजली तसं पुस्तक मिटून टिपकागदांवर ठेवलं असेल. आणि मी आत येऊन विचारलं असेल, दात आठवले का, डॉक्टर?

निर्दोष सुटल्याचा कागद खिशात ठेवून तो दर रविवारी माझ्यापुढे आरोपी म्हणून मान खाली घालत होता. घायपातीसाठी भांडत होता, झाड कोरफडीचं आहे हे माहीत असून. मी एकटीच त्या बंद पंख्याखाली हसायला लागले, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले, पानावर थेंब पडू नये म्हणून पुस्तक लांब धरून.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक सूचना होती: ह्या तिकिटांच्या नकला पुष्कळ निघाल्या आहेत. अस्सल कशी ओळखायची, ते कॅटलॉग सांगत नव्हता. तेही भाऊने वाचलंच असेल.

फाटक वाजलं. मी पुस्तक मिटून टिपकागदांवर ठेवलं.

मृणाल बर्फीचे डबे घेऊन आत आली. "मिळालं?"

माझ्या हातात पेन्सिल होती. अल्बम उघडा होता. तीन अक्षरं लिहायची होती.

"नाही वं," मी म्हटलं. "त्यात नाही. मी पान न पान पाहून टाकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे लाल असणार. मग तिने डबे ठेवले आणि अल्बम हळूच मिटला. "मग हा आत्ता नेत नाही. बाबांची अट आहे ना, नाव लिहिल्याशिवाय नाही. दिवाळीत येते. सुट्टी मिळाली तर त्याच्याआधीपण. शेवटचे दोन खंड माझे, सांगून ठेवते. ते झाड नारळाचं आहे, मला विचारशील तर."

"शिंदी आहे."

"चल. शिंदी म्हणे."

मृणालला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे इथे लिहायला हरकत नाही. तिच्या मोबाईलमध्ये बोयकीचा फोटो आहे की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. तेरा दिवस तो मोबाईल ह्याच टेबलावर पडलेला होता.

तिला गाडीत बसवून आले तेव्हा दिवस मावळत होता, उकाडा तसाच होता. अल्बम टेबलावर आहे. त्याच्याजवळ टिपकागद, त्यावर तो जुना खंड. बोयकीखाली ओळ आखलेली आहे आणि त्या ओळीवर काही लिहिलेलं नाही.